बालक एक, दारे अनेक

(विश्वस्त संस्थेच्या मोहोपाडा येथे झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकाने जमाखर्चाचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. तो जमाखर्च लेखापरीक्षकांच्या अहवालासह याच पुस्तिकेत छापलेला असल्याने मी तो येथे वाचून दाखवीत नाही. आज मला एका वेगळ्या विषयावर बोलावयाचे आहे. तो विषय देणगीदारांनीच मला सुचविला आहे.

देणगीच्या विनंतीसाठी आम्ही जेव्हा जातो, तेव्हा अनेकजण आपुलकीने एक प्रश्न विचारतात. ते म्हणतात, ‘‘लहान मुलांसाठी सरकारच्या एवढ्या योजना आहेत. बाळंतपण मोफत, लस मोफत, अंगणवाडीत आहार मोफत. मग बालरुग्ण विभागासाठी तुम्ही आमच्याकडे पैसे कशासाठी मागता?’’ हा प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एकाच कामासाठी दोन ठिकाणी खर्च पडत असेल, तर तो निदर्शनास आणणे हे माझे कामच आहे. सरकार जे करीत आहे तेच आपण पुन्हा करीत असू, तर देणगीदारांचा पैसा वाया जात आहे, असे मीच प्रथम म्हटले पाहिजे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे मला आवश्यक वाटले.

उत्तर शोधताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आपण ‘सरकार’ हा शब्द एकवचनी वापरतो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र सरकार अनेकवचनी असते.

आपल्या खालापूर किंवा कर्जत तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवर दीड वर्षाचे एक मूल आहे, असे समजू. त्याचे वजन घेते आणि त्याला आहार देते ती अंगणवाडी सेविका एकात्मिक बालविकास सेवा योजनेची. तिच्यावर पर्यवेक्षिका, पर्यवेक्षिकेवर बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, आणि त्याच्याही वर नवी मुंबईतील आयुक्तालय. याच मुलाच्या घरी जाणारी आशा आणि लस टोचणारी परिचारिका आरोग्य खात्याची. त्यांचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. पण ते मूल अधिक आजारी पडून चौकच्या किंवा कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, अथवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात गेले, की ते जिल्हा परिषदेच्या हद्दीतून बाहेर पडून राज्य शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हद्दीत येते. मोठेपणी तेच मूल आश्रमशाळेत गेले, तर त्याची जबाबदारी आदिवासी विकास विभागाच्या पेण येथील प्रकल्प कार्यालयाकडे. वाडीवरचे पाणी ग्रामपंचायतीकडे, रेशनचे धान्य पुरवठा विभागाकडे, आणि आई-वडिलांच्या हाताला रोजगार हमीचे काम द्यावयाचे ते तहसील व पंचायत समितीकडे. या बहुतेक कामांच्या खर्चाचा एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा. अंगणवाडीच्या पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि आपले राज्य निम्मा-निम्मा उचलतात. योजनेच्या इतर बहुतेक बाबींत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो.

यातील प्रत्येकाकडे स्वतंत्र नोंदवही, स्वतंत्र लेखाशीर्ष आणि स्वतंत्र वरिष्ठ आहे. मुलाला मात्र यातले काही ठाऊक नसते. त्याला एकच पोट असते आणि एकच शरीर.

ही रचना कोणी वाईट हेतूने केलेली नाही, हे मी आवर्जून सांगतो. उलट, मुलाचे कल्याण एका खात्याने साधणारे नाही हे फार पूर्वी ओळखले गेल्यामुळेच ती अशी झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आपल्या राज्यात तिचा आरंभ मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी या दोन ठिकाणी झाला. एक दुर्गम आदिवासी भाग, तर दुसरी महानगरातील झोपडपट्टी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात सांगितल्या आहेत. त्यांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन सेवा आरोग्य यंत्रणेच्या सहभागाशिवाय देताच येत नाहीत. याचा अर्थ, दोन खात्यांची भागीदारी हा या योजनेचा पहिल्या दिवसापासूनचा पाया आहे.

परंतु कागदावरील भागीदारी आणि वाडीवरची भागीदारी यांत अंतर राहते. आपल्याकडे म्हण आहे, ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती.’ धारणीला योजना सुरू होऊन अठरा वर्षे झाली, तरी १९९३ मध्ये त्याच मेळघाटातील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले आणि हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर १९९५ मध्ये शासनाने नवसंजीवनी योजना आणली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिने आरोग्य, आहार, धान्यपुरवठा, रोजगार आणि पिण्याचे पाणी हे सर्व विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या समन्वयाखाली एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. मातृत्व अनुदान, पाडा स्वयंसेवक, पावसाळ्यात दुर्गम पाड्यांवर जाणारी भरारी वैद्यकीय पथके ही त्यातूनच पुढे आली.

यानंतरचे दोन टप्पे मला आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची काळजी घरच्या घरी घेता येते, हे ३९ गावांत प्रत्यक्ष करून दाखविले. या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आल्याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे ‘सर्च’ने राज्यातील इतर संस्थांना बरोबर घेऊन बालमृत्यूंची मोजणी केली. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे उघड झाले. शासनाने हे टीका म्हणून झटकून टाकले नाही. डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, गावोगावी आशा आल्या, आणि २०११ पासून नवजात बालकाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. आज रुग्णालयातून घरी गेलेल्या बाळाला पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाने सहा भेटी द्याव्यात आणि घरी जन्मलेल्या बाळाला सात, असा नियम आहे. एका स्वयंसेवी संस्थेने करून पाहिले, राज्याने तपासले, केंद्राने स्वीकारले आणि गावातील एका स्त्रीने ते अमलात आणले. चार स्तरांची भागीदारी म्हणतात ती ही.

दुसरा टप्पा राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचा. २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हे मिशन स्थापन झाले. श्री. व्ही. रमणी हे त्याचे पहिले महासंचालक. युनिसेफचे साहाय्य त्यास लाभले. प्रथम आदिवासीबहुल जिल्हे आणि नंतर संपूर्ण राज्य असा त्याचा विस्तार झाला. या मिशनने नवी मोठी योजना आणली नाही. असलेल्याच दोन खात्यांना एका टेबलाभोवती बसविले, रिक्त पदे भरण्याचा पाठपुरावा केला आणि प्रत्येक मुलाचे खरे वजन नोंदविले जावे असा आग्रह धरला. खरे वजन नोंदविले की कुपोषितांचा आकडा प्रथम वाढलेला दिसतो. तो वाढलेला आकडा पाहून खालच्या कर्मचाऱ्याला शिक्षा होणार नाही, एवढा विश्वास वरिष्ठांनी द्यावा लागतो. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे मोल चटकन कळते. ज्या संस्थेत तोटा दाखविणाऱ्या कारकुनालाच ओरडा बसतो, तेथील ताळेबंद कधीच खरा नसतो.

२०११ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात मिशनने गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या एक हजार दिवसांवर भर दिला. २०१२ मध्ये राज्यात झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण सहा-सात वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक होते ते एक चतुर्थांशाच्या आसपास आल्याचे आढळले. महाराष्ट्राच्या या कामाची नोंद परदेशातील अभ्यासकांनीही घेतली.

येथे भाषण संपविता आले असते, तर ते सुखद ठरले असते. पण ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

राज्याचा बालमृत्यू दर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या, २००५ मध्ये ३६ होती. २०२० मध्ये ती १६ वर आली. रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते जवळजवळ ९५ टक्के झाले. ही फार मोठी कमाई आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी, २५.६ टक्के लुकडी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, आणि १०.९ टक्के तीव्र लुकडी आढळली. २०१५-१६ मध्ये लुकडेपणा नेमका २५.६ टक्केच होता, आणि तीव्र लुकडेपणा ९.४ टक्के. याचा सरळ अर्थ असा, की आपण मुलांना जगविण्यात यशस्वी होत आहोत. त्यांना वाढविण्यात अद्याप तितकेसे नाही.

असे का व्हावे? मला वाटते, या दोन कामांची जातच निराळी आहे. बाळंतपण ही एका दिवसाची घटना आहे. रुग्णवाहिका आली, रुग्णालय गाठले, बाळ सुखरूप जन्मले, की एका खात्याचे काम पूर्ण होते आणि ते मोजताही येते. मुलाची वाढ मात्र हजार दिवस चालते. त्या हजार दिवसांत ते मूल अंगणवाडीतून रुग्णालयात, रुग्णालयातून परत वाडीवर, वाडीवरून दुसऱ्या जिल्ह्यातील भट्टीवर आणि तेथून पुन्हा वाडीवर जाते. प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी ते हातातून निसटण्याची शक्यता असते. योजना प्रत्येक सेवेसाठी पैसा देते. दोन सेवांच्या मधल्या रस्त्यासाठी बहुधा कोणाच्याच अंदाजपत्रकात तरतूद नसते.

आपल्या भागात हा मधला रस्ता विशेष लांब आहे, याची तीन कारणे मी सांगतो.

पहिले कारण स्थलांतर. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदविलेल्या आपल्या राज्यातील तीन आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती आगोटीलाच परततात. जून ते ऑक्टोबर जे मूल अंगणवाडीच्या पटावर असते, ते नोव्हेंबर ते मे कोणाच्याच पटावर नसू शकते. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने अलीकडच्या वर्षांत स्थलांतरित कुटुंबांचा मागोवा घेणारी संगणकीय व्यवस्था आणली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण संगणकातील नोंद भट्टीवरच्या झोपडीपर्यंत पोहोचविण्यास शेवटी माणूसच लागतो.

दुसरे कारण कायद्याच्या नकाशाचे. कर्जत-खालापुरात ठाकूर आणि कातकरी वाड्या मोठ्या संख्येने असल्या, तरी रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे ‘पेसा’ कायद्यान्वये पालघर किंवा नंदुरबारच्या ग्रामसभांना जे अधिकार व जो थेट निधी मिळतो, तो आपल्या वाड्यांना मिळत नाही. येथील वाडी गरजेने दुर्गम आणि कागदाने सर्वसाधारण, अशी तिची अवस्था आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात कातकरी वस्त्यांसाठी घर, रस्ता, पाणी, अंगणवाडी आणि फिरते आरोग्य पथक यांचा एकत्रित विचार झाला आहे. हे अभियान जागेऐवजी जमातीवर आधारलेले असल्याने त्याचा लाभ आपल्या तालुक्यांना होऊ शकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसरे कारण आपल्या रसायनी-पाताळगंगा पट्ट्याचे. कारखान्यांच्या आधाराने मोहोपाड्याच्या परिसरात परप्रांतीय कंत्राटी कामगारांची कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या मुलांना उत्पन्न थोडे अधिक असल्याने गरीब म्हणता येत नाही आणि गावचे नसल्याने कोणी आपले म्हणत नाही. अंगणवाडीची सेवा त्यांनाही आहे, पण हे त्यांच्या आयांना सांगितलेले नसते. अशी मुले आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात तेव्हा लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले असते.

सर्व स्तरांतील यंत्रणा एकत्र येऊ शकतात की नाही, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती आले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, जिल्हा प्रशासन, आरोग्य पथके, पोलीस, गिर्यारोहक आणि आसपासचे ग्रामस्थ त्या पावसात एकाच पायवाटेने चढले. त्या रात्री आश्रमशाळेत असल्याने वाडीतील काही मुले वाचली. त्या दिवसांत हे काम माझ्या खात्याचे नाही, असे कोणी म्हटले नाही. संकटात जे साधते ते नित्याच्या दिवशी का साधू नये, एवढाच प्रश्न आहे. मुलाचे वजन हळूहळू घटते, त्याचा आवाज होत नाही आणि त्याची बातमी होत नाही, हेच त्याचे उत्तर असावे.

नित्याच्या दिवशी हे साधण्याचा एक मार्ग दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने दाखविला. तेथे पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००८ च्या सुमारास २८ टक्के होता; २०१६ पर्यंत तो १३ टक्क्यांच्या आसपास आला. तेथे या कामात अर्थ मंत्रालय स्वतः उतरले होते. प्रांतिक सरकारांना मिळणाऱ्या निधीचा काही भाग ठरलेली सेवा मुलांपर्यंत पोहोचल्याच्या पुराव्याशी जोडण्यात आला. किती केंद्रे उघडली यापेक्षा किती मुलांची वाढ नियमित तपासली गेली, हे विचारले जाऊ लागले. वरून खालपर्यंत सर्वांनी एकच आकडा पाहावयाचा ठरविले, की खात्यांची भांडणे आपोआप कमी होतात.

आता आपल्या रुग्णालयाकडे येतो. विश्वस्त रुग्णालय हे या साखळीबाहेरचे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. राज्याची आरोग्य विमा योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती ओळखली जाते. म्हणजे उपचारांच्या खर्चाची बरीचशी सोय कायद्याने आणि योजनेने झालेली आहे. ज्यांनी मला प्रश्न विचारला, त्या देणगीदारांचे म्हणणे येथपर्यंत बरोबर आहे.

पण पुन्हा त्या दीड वर्षाच्या मुलाकडे पाहू. त्याच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला. सेविकेने ओळखले, की हे तीव्र कुपोषित आहे. त्याला भूक नाही, ताप आहे, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवणे आवश्यक. तेथे उपचार मोफत, आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी भत्ताही मिळतो. तरीही आई नाही म्हणते. तिला अज्ञानी ठरवून आपण मोकळे होतो. पण तिच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. तिला कोणाकडे ठेवावयाचे? नवरा भट्टीवर आहे. हातात येण्या-जाण्याचे भाडे नाही. भत्ता मिळेल, पण नंतर. तिचा नकार हा तिच्या हिशेबाने अगदी बरोबर असतो.

आणि समजा ती आली, मूल सुधारले आणि घरी गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याचे वजन कोणी घेतले? रुग्णालयाच्या वहीत ‘सुधारणा होऊन घरी पाठविले’ अशी नोंद होऊन प्रकरण बंद होते. अंगणवाडीच्या वहीत ते अजून ‘रुग्णालयात पाठविले’ असेच असते. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे त्या मुलाला सर्वसाधारण बालकाच्या ५०० ऐवजी ८०० उष्मांकांचा आहार मिळण्याचा हक्क आहे. पण ते मूल परत आले आहे, हेच सेविकेला कळले नाही, तर तो हक्क कोणी द्यावा?

अध्यक्ष महोदय, आपल्या देणगीची जागा येथे आहे. सरकार जेथे खर्च करते तेथे आपण करू नये; दोन सरकारी दारांच्या मधल्या वाटेवर करावा. त्या दृष्टीने मी विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवीत आहे.

एक, बालरुग्णासोबत येणाऱ्या मातेचे प्रवासभाडे, तिचे जेवण, आणि सोबत असलेल्या लहान भावंडाची राहण्या-खाण्याची सोय यांसाठी एक छोटा स्वतंत्र निधी असावा. त्यातून रक्कम देण्यास प्रमुख परिचारिकेची सही पुरेशी मानावी. समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागू नये.

दोन, पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला घरी पाठविताना कार्डावर त्याच्या अंगणवाडीचे व आशेचे नाव लिहावे, आणि त्याच दिवशी सेविकेला दूरध्वनी करावा. परप्रांतीय कुटुंब असेल, तर जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदविण्याची चिठ्ठी मराठीसोबत हिंदीतही द्यावी. यास खर्च जवळजवळ नाही. नेमून दिलेली एक व्यक्ती लागते.

तीन, दरवर्षी दसरा ते दिवाळी या काळात, कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि बालविकास प्रकल्प कार्यालय यांच्याशी तारखा ठरवून वाड्यांवर तपासणी व्हावी. लस आणि आहार त्यांचा, वाहन आणि बालरोगतज्ज्ञ आपला. शालेय व अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेतच. त्या कार्यक्रमाचा आरंभ याच कोकण विभागातील पालघर येथून झाला. त्यांच्या वेळापत्रकाशी आपले वेळापत्रक जुळवावे. कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा खर्च करणाऱ्या आपल्या परिसरातील कारखान्यांनाही या कामात वाटा उचलण्याची विनंती करता येईल.

चार, आणि ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढील वर्षापासून या वार्षिक अहवालात बालरुग्ण विभागाच्या खाटा आणि दाखल रुग्ण यांच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असावा : घरी गेल्यानंतर तीन महिन्यांनी किती मुलांचे वजन आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी हा आकडा लहान असेल. तो लहानच छापावा. सभासदांनी त्यावर रागावू नये, पण दरवर्षी तो विचारावा.

देणगीदारांना एक नम्र विनंती आहे. यंत्रावर आपल्या मातापित्यांच्या नावाची पाटी लावता येते. एस.टी.च्या तिकिटावर ती लावता येत नाही, आणि सेविकेला केलेल्या दूरध्वनीवरही नाही. यंत्रांसाठी आपण आजवर दिले त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे आणि यंत्रे पुढेही लागतीलच. परंतु जे दान डोळ्यांना दिसत नाही त्यासाठीही थोडे राखून ठेवावे. त्याचा पै-पैचा हिशेब आपल्याला मिळेल, याची जबाबदारी माझी.

रुग्णांच्या नातेवाईकांनाही दोन शब्द. आपल्या मुलाच्या वजनाचा आकडा विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात आणि येथेही. माता व बाल संरक्षण कार्ड रेशनकार्डाइतकेच जपून ठेवा. कामासाठी बाहेरगावी जाताना ते सोबत न्या आणि जेथे जाल तेथील अंगणवाडीत दाखवा. या सर्व यंत्रणांमध्ये मुलाबरोबर प्रत्येक दारातून जाणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आई. तिच्या हातातील कागद हीच पुष्कळदा या साऱ्या भागीदारीची एकमेव सलग नोंद असते.

देणगीदारांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. सरकार करीत आहे म्हणून आपण थांबू नये, आणि सरकार करीत नाही असा समज करून घेऊन वेगळी चूलही मांडू नये. त्याच्या योजना आपल्या भागातील शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचाव्यात आणि त्या वाडीतील मूल त्या योजनांपर्यंत पोहोचावे, यासाठी मधले अंतर आपण चालावे. वरील चारही सूचनांवर विश्वस्त मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार करून निर्णय घ्यावा, अशी विनंती करतो.